मोटारीचा एकच दिवा मंद कां जळतो ?

रात्रीं रस्त्यानें जातांना समोरून एकच दिवा येतांना दिसला, म्हणजे ती दुचाकी आहे असें आपण धरून चालतों. भारतांत १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा यंत्र चालू असेपर्यंत जळतच राहील अशी योजना सक्तीची झाली. त्यामुळें एक दिवा म्हणजे दुचाकी, ही समजूत अधिकच दृढ झाली आहे. परंतु तो दिवा दुचाकीचा नसून, जिचा दुसरा दिवा बंद किंवा अगदीं मंद झाला आहे अशा मोटारीचाहि असूं शकतो. घाटाच्या अरुंद वळणावर अशा मोटारीला दुचाकीपुरतीच वाट सोडणाऱ्यावर कोणता प्रसंग ओढवेल, तें सांगावयास नको. म्हणून “एक दिवा तर आहे, तेवढ्यावर निभावून नेऊं,” हें म्हणणें धोक्याचें होय.

दिवा समूळ विझला, तर चालकाच्या तें लवकर ध्यानांत येतें. मंद झालेला दिवा मात्र फसवा असतो. तो जळत असतो, म्हणून कोणी चौकशी करीत नाहीं. आणि त्याचा उजेड थोडथोडा कमी होत गेल्यामुळें डोळ्यांसहि त्याची संवय होऊन जाते. आपल्या देशांतील १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें रात्रीं पुढच्या दिव्यांच्या उजेडांत १५५ मीटरांवरील माणूस व वाहन स्पष्ट दिसावयास हवें. ताशीं ६० किलोमीटर वेगानें धांवणारी मोटार एका सेकंदांत जवळजवळ १७ मीटर जाते. म्हणजे हें सर्व अंतर ओलांडावयास तिला सवानऊ सेकंद पुरतात. उजेडाची पोंच निम्मी झाली, कीं सावध होण्यास मिळणारा हा वेळहि निम्मा होतो.

अशा मंद दिव्याचें कारण कसें शोधून काढावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. अलीकडील कित्येक मोटारींत एलईडी दिवे असतात व त्यांचा कारभार एका लहानशा संगणकाकडे सोंपविलेला असतो. त्यांची परीक्षा निराळ्या रीतीनें करावी लागते, म्हणून तो विषय आम्ही बाजूस ठेवतों. ज्यांत हॅलोजनचा बल्ब आहे अशा मोटारी आपल्या गांवांतून अद्यापि पुष्कळ आहेत. त्यांच्यापुरतेंच आमचें बोलणें आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थी पदार्थविज्ञानांत ओहमचा नियम शिकतात. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला हा नियम उत्तरपत्रिकेंतून बाहेर काढून मोटारीच्या बॉनेटखालीं नेला, तर त्याचा केवढा उपयोग होतो, हेंहि या निमित्तानें दिसून येईल.

विजेच्या दिव्यांपूर्वीं मोटारींना ॲसिटिलीन वायूचे दिवे असत. कॅल्शियम कार्बाइडवर थेंबथेंब पाणी पडून वायु तयार होई, व तो पेटवावा लागे. १९१२ सालच्या अमेरिकेंतील कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग यांच्या योजनेनें विजेवर यंत्र सुरू करण्याची व दिवे लावण्याची सोय एकत्र आली, आणि पुढें ती पद्धति सर्वत्र पसरली. वायूच्या दिव्यांतील दोष नाकाडोळ्यांस कळे : पाणी संपलें, नळी फाटली, वास सुटला. विजेचें तसें नाहीं. तार चांगली असो वा आंतून कुजलेली असो, बाहेरून ती सारखीच दिसते. म्हणून येथें डोळ्यांपेक्षां विचारावर अधिक भिस्त ठेवावी लागते.

प्रथम विजेचा मार्ग ध्यानांत घेऊं. बॅटरीच्या धन टोंकापासून निघालेला प्रवाह फ्यूज, बटन व रिले यांतून बल्बाच्या होल्डरापर्यंत येतो. बल्बांतील टंग्स्टनच्या बारीक तंतूंतून जातांना त्यास पांढरा होईपर्यंत तापवितो. आणि नंतर त्याला बॅटरीच्या ऋण टोंकाकडे परत जावें लागतें. ही परतीची वाट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं, कारण तिच्यासाठीं बॅटरीपर्यंत निराळी तार नेलेली नसते. होल्डरापासून एक आंखूड, बहुधा काळी, तार निघते; ती जवळच्याच पत्र्याला बोल्टानें आवळलेली असते; आणि पुढचें काम मोटारीचा लोखंडी सांगाडाच करतो. गॅरेजांत या जोडणीला ‘अर्थिंग’ म्हणतात. येथें आणखी एक गोष्ट विसरूं नये. प्रवाह वाटेंत खर्च होत नाहीं. जेवढा जातो, तेवढाच परत येतो. खर्च होतो तो दाब, म्हणजे व्होल्ट.

आपल्याकडील अनेक मोटारींत एच-४ जातीचा बल्ब असतो. त्यांत दोन तंतु असतात : लांबवर उजेड टाकणारा, ज्याला चालक ‘अप्पर’ म्हणतात, तो ६० वॅटचा, आणि समोरच्याच्या डोळ्यांवर न येणारा ‘डिपर’ ५५ वॅटचा. बल्बाला पाय मात्र तीनच. दोन पाय दोन तंतूंचे, व तिसरा दोहोंचा समाईक. हा समाईक पाय सामान्यतः परतीच्या वाटेस जोडलेला असतो. कांहीं मोटारींत, विशेषतः कित्येक जपानी धर्तीच्या मोटारींत, रचना याच्या उलट असते. म्हणून काम हातीं घेण्यापूर्वीं त्या मोटारीचा वायरिंगचा नकाशा पाहणें इष्ट. १२ व्होल्टांवर ६० वॅटच्या तंतूंतून ५ ॲम्पिअर प्रवाह वाहतो, आणि ओहमच्या नियमाप्रमाणें त्याचा रोध २.४ ओहम भरतो. हे आंकडे पुढें उपयोगी पडतील.

हात लावण्यापूर्वीं नीट पाहावें, हा पहिला नियम. दोन्ही बाजूंचे दिवे, अप्पर व डिपर, एकाच वेळीं गेले, तर चारहि तंतु एकाच क्षणीं तुटले असें मानणें युक्त नव्हे. दोष समाईक वाटेंत, म्हणजे बटन, रिले किंवा मुख्य फ्यूज यांत शोधावा. एका दिव्याचा एकच तंतु जळत नसेल, तर बल्ब किंवा त्या तंतूचा फ्यूज पाहावा. दोन्ही दिवे मंद असून यंत्राचा वेग वाढतांच उजळत असतील, तर बॅटरी व तिला भरणारा अल्टरनेटर यांजकडे वळावें. पूर्ण भरून स्वस्थ असलेल्या बॅटरीचा दाब सुमारें १२.६ व्होल्ट असतो, व यंत्र चालू असतां तो बहुधा १३.८ ते १४.४ पर्यंत चढतो. परंतु एकाच बाजूचा दिवा अप्पर व डिपर या दोहोंतहि मंद असेल, तर त्या दोन तंतूंस समाईक असें काय आहे ? परतीची वाट. म्हणून पहिला संशय तिच्यावर घ्यावा.

ही वाट अगदींच तुटली, तर मोठा चमत्कारिक प्रकार दृष्टीस पडतो. समजा, डाव्या दिव्याचें अर्थिंग सुटलें आहे व चालकानें अप्पर लाविला. डाव्या बल्बाच्या अप्पर तंतूंतून आलेल्या प्रवाहास परतीचें दार बंद आढळतें. तेव्हां तो त्याच बल्बाच्या डिपर तंतूंत उलट शिरतो, डिपरच्या तारेनें उजव्या दिव्याकडे जातो, आणि तेथील डिपर तंतूंतून उजव्या बाजूच्या अर्थिंगला मिळतो. अशा रीतीनें तीन तंतु एकामागें एक जोडले जातात व बॅटरीचा दाब तिघांत वांटला जातो. डाव्या बल्बाचे दोन्ही तंतु निखाऱ्यासारखे तांबूस दिसतात. उजवीकडील मंद तंतु मात्र शेजारच्या अप्परच्या झगझगाटांत ओळखूं येत नाहीं. डिपर लावला असतां चालकासमोरील अप्परची निळी खूण अर्धवट उजळते, तीहि याच कारणानें. ज्याला ही आडवाट ठाऊक नाहीं, तो “वायरिंग शॉर्ट झालें” असें म्हणून सगळें वायरिंग बदलावयास निघतो. ज्याला ठाऊक आहे, तो आधीं अर्थिंगचा बोल्ट पाहतो.

आतां नेहमीं होणारी एक फसगत सांगितली पाहिजे. दिवा मंद आहे असें पाहून कारागीर बल्ब काढतो, मोकळ्या होल्डरांत मल्टीमीटरच्या दोन सळ्या लावतो, आणि बारा व्होल्ट दिसतांच “सप्लाय बरोबर आहे” असा निकाल देतो. हा निकाल टिकणारा नाहीं. घरच्या नळाचें उदाहरण घ्या. गच्चीवरील टांकी भरलेली आहे, पण खालीं येणारा पाइप गाळानें निम्माअधिक बुजला आहे. तोटी बंद असतां तिच्यामागें पाण्याचा दाब पुरताच भरतो. पाणी वाहतच नाहीं, मग अडथळा जाणवणार कोठून? तोटी उघडतांच धार बारीक पडते. मीटरचेंहि तसेंच आहे. साधारण डिजिटल मल्टीमीटरचा आंतील रोध बहुधा एक कोटी ओहम असतो. त्यांतून जाणारा प्रवाह इतका क्षुल्लक कीं, वाटेंत शंभर ओहमांचा गंज असला तरी मीटरला त्याचा पत्ता लागत नाहीं. पण ५ ॲम्पिअर मागणाऱ्या बल्बाला अर्ध्या ओहमाचा गंजहि जड जातो. थंड बल्बाचा रोध मोजून निष्कर्ष काढणें हेंहि असेंच व्यर्थ. कारण टंग्स्टन पांढरें तापलें म्हणजे त्याचा रोध थंड असतांनाच्या दहापटींहून अधिक होतो. तात्पर्य, बल्ब जागेवर ठेवून, तो जळत असतांनाच मापन करावें.

या रीतीचा उपयोग कसा होतो, तें एका प्रसंगावरून स्पष्ट होईल. गेल्या पावसाळ्यानंतर एका विद्यार्थ्याच्या पालकांची जुनी मोटार आम्हांस पाहावयास मिळाली. तिचा डावा दिवा अप्पर व डिपर दोहोंतहि मंद होता. एका गॅरेजांत बल्ब दोनदां व होल्डर एकदां बदलून झाला होता, आणि आतां सबंध हेडलाइट नवा घालावा असा सल्ला मिळाला होता. वरच्या वर्गांतील चार मुलांस बरोबर घेऊन आम्हीं अप्पर लाविला, आणि होल्डराच्या मागच्या बाजूनें, तारांच्या कडेनें मीटरच्या सळ्या आंत सारून मापें घेतलीं. बॅटरीच्या दोन टोंकांमध्यें १२.४ व्होल्ट, बल्बाच्या दोन पायांमध्यें केवळ १०.२. म्हणजे २.२ व्होल्ट वाटेंत कोठें तरी गळत होते.

येथें जर्मन शास्त्रज्ञ किर्खहोफ याचा १८४५ सालचा नियम उपयोगी पडतो. विजेच्या एका फेऱ्यांत ठिकठिकाणीं खर्च झालेल्या दाबांची बेरीज मूळ दाबाइतकीच भरली पाहिजे, असा तो नियम आहे. घरच्या जमाखर्चासारखाच हा प्रकार : जमा १२ रुपये असून बाजारास दहाच लागले, तर उरलेले दोन कोठें गेले तें वहींत निघालेंच पाहिजे. मुलांनीं मीटरची एक सळी बॅटरीच्या धन टोंकावर व दुसरी बल्बाच्या जिवंत पायावर ठेविली, खर्च ०.३ व्होल्ट. मग एक सळी बल्बाच्या समाईक पायावर व दुसरी बॅटरीच्या ऋण टोंकावर, खर्च १.९ व्होल्ट. ०.३, १०.२ व १.९ मिळून १२.४, हिशेब दमडीदमडीनें जुळला. जाण्याच्या वाटेंत एकंदर अर्ध्या व्होल्टापर्यंत खर्च सामान्यतः चालतो. परतीच्या वाटेंत मात्र ०.२ पेक्षां अधिक होऊं नये. चोर परतीच्या वाटेवर होता.

आतां ही वाट तुकड्यातुकड्यांनीं मोजली. होल्डराच्या पायापासून काळ्या तारेच्या टोंकाच्या कडीपर्यंत ०.१, त्या कडीपासून लगतच्या स्वच्छ खरवडलेल्या पत्र्यापर्यंत १.७, आणि पत्र्यापासून बॅटरीच्या ऋण टोंकापर्यंत ०.१. कडी पत्र्याला घट्ट आवळलेली दिसत होती. बोल्ट हातानें हलतहि नव्हता. पण पान्यानें तो सोडवून कडी उचलली, तेव्हां तिच्याखालीं तांबड्या गंजाचा थर निघाला. पॉलिश पेपरनें कडी व पत्रा दोन्ही चकचकीत होईपर्यंत घांसून बोल्ट पुन्हां आवळला. दिवा लावून मोजलें, तों परतीच्या वाटेंत ०.१ आणि बल्बावर १२ व्होल्ट. टंग्स्टनच्या दिव्यांत दाब एक-दशांशानें घटला तर उजेड सुमारें तीन-दशांशांनीं घटतो, यावरून १०.२ व्होल्टांवर त्या दिव्याचा सुमारें दोन-पंचमांश उजेड नाहींसा झाला होता, असें मुलांनीं गणित करून सांगितलें. नवीन हेडलाइट घातला असता, तरी तोहि त्याच गंजक्या कडीवर परतला असता आणि तितकाच मंद जळला असता.

दिवा मंद वाटूं लागला, कीं कित्येक लोक ६०/५५ वॅटच्या जागीं १००/९० वॅटचा बल्ब घालतात. असे बल्ब मोटारीच्या मूळ दिव्यांसाठीं संमत नाहींत, व समोरच्या चालकाचे डोळे त्यांनीं दिपतात, हें तर आहेच. पण दोष जोडणींत असेल तर हा उपाय रोग वाढवितो. समजा, गंजाचा रोध ०.४ ओहम आहे. ६० वॅटच्या तंतूचे २.४ ओहम मिळवून एकंदर २.८, १२ व्होल्टांवर सुमारें ४.३ ॲम्पिअर प्रवाह वाहील, आणि गंजलेल्या जोडावर सुमारें ७ वॅट उष्णता निर्माण होईल. १०० वॅटच्या तंतूचा रोध १.४४ ओहम, त्यांत ०.४ मिळवून १.८४. प्रवाह सुमारें ६.५ ॲम्पिअर, आणि त्याच जोडावरील उष्णता सुमारें १७ वॅट. बल्बाच्या वांट्यास तर १२ पैकीं साडेनऊ व्होल्टहि येत नाहींत. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें सूत्र येथें मूर्तिमंत दिसतें. हा रोध होल्डरांत असेल, तर त्याचें प्लास्टिक वितळतें, तारेवरचें आवरण करपतें, आणि प्रसंगीं आगहि लागते. होल्डर पिवळट किंवा काळा पडलेला दिसला, तर तो बदलावा, आणि तो कां जळला तेंहि शोधावें.

कोंकणपट्टींत हा दोष अधिक आढळतो, यांत नवल नाहीं. खारी हवा व महिनोगणती पाऊस यांपुढें लोखंड फार काळ टिकत नाहीं, आणि अर्थिंगचा बोल्ट तर दिव्याच्या मागें, चाकांनीं उडविलेलें पाणी जेथें पोंचतें अशाच जागीं बहुधा असतो. म्हणून पावसाळ्यापूर्वीं व नंतर एकेकदां पुढचे दोन्ही बोल्ट आणि बॅटरीचीं टोंकें सोडवून साफ करावीं, कोरडीं करून घट्ट आवळावीं, व आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. घट्ट आवळलेल्या धातूंमध्यें जेली अडथळा करीत नाहीं. बाहेरची ओल मात्र ती आंत येऊं देत नाहीं.

कांहीं सूचना अवश्य पाळाव्या. काम वडील माणसाच्या देखरेखीखालींच करावें. मोटार सपाट जागीं उभी करून हँडब्रेक ओढावा. तारा किंवा बोल्ट सोडवावयाचे असतील, तेव्हां दिवे बंद करून बॅटरीच्या ऋण टोंकाची तार आधीं काढून ठेवावी. हातांत आंगठी किंवा धातूचें घड्याळ असूं नये. हॅलोजनचा बल्ब जळतांना अतिशय तापतो. तो निवाल्याशिवाय हात लावूं नये, आणि नव्या बल्बाच्या काचेस बोटांचा स्पर्श होऊं देऊं नये, कारण बोटांचें तेल काचेवर राहून ती त्या ठिकाणीं अधिक तापते व बल्ब लवकर जातो. मीटरची सळी लावण्यासाठीं तारेच्या आवरणास भोंक पाडूं नये. त्या भोंकांतून पाणी शिरून नवा गंज सुरू होतो. फ्यूज उडाला, तर त्याच अंकाचा दुसरा घालावा. अधिक अंकाचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणें म्हणजे पहारेकऱ्यास घरीं पाठवून दार उघडें टाकणें होय.

ज्या विद्यार्थ्यांस मोटार लाभत नाहीं, त्यांनीं हाच प्रयोग घरच्या जुन्या बॅटरीवर करून पाहावा. बॅटरी मंद झाली कीं आपण सेल टाकून देतों. त्यापूर्वीं ती लावून ठेवून सेलांवरील दाब व बल्बावरील दाब दोन्ही मोजा. सेलांवरचाच दाब उतरला असेल, तर सेल संपले. तो पुरेसा असून बल्बावर कमी असेल, तर तळाची स्प्रिंग किंवा बटन गंजलें आहे, आणि सेलांवर ठपका ठेवणें अन्याय आहे. पालकांसहि आमची एक विनंति आहे. मोटार दुरुस्तीस दिली असतां कोणता भाग बदलला एवढेंच विचारून थांबूं नये. दिवा जळत असतांना बल्बावर किती व्होल्ट होते आणि परतीच्या वाटेंत किती गेले, हेंहि विचारावें. चांगल्या कारागिराला हा प्रश्न आवडतो, आणि ज्यानें मोजलें नसेल, तो निदान नवा भाग घालण्यापूर्वीं मीटर हातांत घेईल.